दिवसाच्या बदल्यात दिवस

रमजानचा चाँद दिसण्याआधीच सहरी-इफ्तारचा तक्ता आमच्या घरात येतो. कधी एखाद्या मदरशाचा, कधी कापडाच्या दुकानाचा, कधी निवडणुकीला उभे राहू पाहणाऱ्या एखाद्या भल्या माणसाचा. तो कपाटाच्या दारावर चिकटवला की महिनाभर घरातले सर्वांत जास्त वाचले जाणारे साहित्य तेच. तीस ओळी, प्रत्येक ओळीत सुब्हे सादिकची वेळ आणि सूर्यास्ताची वेळ. तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते. अमुक गावासाठी इतकी मिनिटे मिळवा, तमुक गावासाठी इतकी वजा करा. ही तळाची ओळ सहसा कोणी वाचत नाही. आमचा मात्र या सगळ्या विषयाशी संबंध आला तो त्या ओळीमुळेच.

आम्ही पहिला रोजा ठेवला तो डिसेंबर १९९९ मध्ये. रत्नागिरी जिल्ह्यातले खाडीकाठचे गाव, वय आठ-नऊ. दिवस लहान, हवा गार, त्यामुळे रोजा कधी गेला ते कळलेही नाही. पण शेवटची काही मिनिटे पक्की आठवतात. घरात मुंबईत छापलेला तक्ता होता आणि त्याच्या तळाशी आमच्या जिल्ह्यासाठी चार मिनिटे वजा करा असे लिहिले होते. चुलत्यांनी तक्ता पाहिला, घड्याळ पाहिले आणि खजुराची बशी पुढे सरकवली. दादी ओसरीच्या कडेला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "थांबा रे. अजून आहे तो." आम्ही मान वर करून पाहिले. तक्त्यात सूर्य बुडाला होता, खाडीवर मात्र तो लालभडक गोळा अजून पाण्याच्या वर होता. दादींना वाचता येत नव्हते. त्या सूर्य पुरता बुडेपर्यंत उभ्या राहिल्या, मग मशिदीतून बांग आली आणि आम्ही खजूर तोंडात टाकला.

तक्ता खोटा नव्हता आणि छापणाराही खोटा नव्हता. मग चुकले काय? हे कळायला आम्हाला बी.एड. होऊन उर्दू शाळेत भूगोल शिकवायला लागावे लागले. कोणताही विषय शिकवायला लागल्याशिवाय तो आपल्याला येत नाही हे कळत नाही, हा सगळ्याच शिक्षकांचा अनुभव असावा.

आमच्या मुलांना अक्षांश म्हणजे अर्ज बलद आणि रेखांश म्हणजे तूल बलद. नावे दोन भाषांतली, रेघा त्याच. रेखांशाचा हिशेब सोपा आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. म्हणून जो गाव पूर्वेला, त्याचा सूर्य आधी उगवतो आणि आधी बुडतो. नागपूर मुंबईपासून सव्वासहा अंश पूर्वेला, म्हणून तिथला मध्यान्ह पंचवीस मिनिटे आधी. हा फरक बारा महिने तोच राहतो. रत्नागिरी मुंबईच्या किंचित पूर्वेला आहे, तिचा फरक जेमतेम दोन मिनिटांचा.

अक्षांशाची गोष्ट वेगळी. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. त्यामुळे सहा महिने उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो आणि सहा महिने दक्षिण. जसजसे विषुववृत्तापासून दूर जावे तसतसा उन्हाळ्याचा दिवस मोठा आणि हिवाळ्याचा लहान होतो. अक्षांशाची स्पर्शज्या आणि त्या दिवशी सूर्य विषुववृत्तापासून जितका उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल त्या कोनाची स्पर्शज्या, यांचा गुणाकार केला की दिवस बारा तासांपेक्षा किती वाढला किंवा घटला ते काढता येते. वातावरण सूर्यकिरणांना वाकवते आणि सूर्य हा ठिपका नसून थाळी आहे, म्हणून त्यात आमच्याकडे आणखी सात-आठ मिनिटांची भर पडते.

रत्नागिरी सतरा अंशांवर आहे. तिथला जूनमधला सर्वांत मोठा दिवस १३ तास ८ मिनिटांच्या आसपास, डिसेंबरमधला सर्वांत लहान ११ तास ७ मिनिटांच्या आसपास. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान होतात असे पुस्तकात असते, तेव्हाही दिवस बारा तास सात मिनिटांचा असतो. म्हणजे मधल्या दिवसापासून एक तास इकडे, एक तास तिकडे. हा तासही सारख्या चालीने वाढत नाही. २१ मार्चपासून पहिल्या महिन्यात निम्मा म्हणजे तीस मिनिटे, दुसऱ्यात बावीस, तिसऱ्यात उरलेली आठ. झोका मध्यावर जोरात असतो आणि टोकाला जाऊन जणू थांबतो, तसे. एवढे तीन आकडे पाठ असले की आमच्या भागातला कोणीही माणूस कागदाशिवाय वर्षातल्या कुठल्याही दिवसाची लांबी चार-पाच मिनिटांच्या फरकाने सांगू शकतो.

आता १९९९ चा तक्ता पाहा. मुंबई रत्नागिरीच्या दोन अंश उत्तरेला आहे. म्हणून जूनमध्ये मुंबईचा दिवस आमच्यापेक्षा मोठा आणि तिथला सूर्यास्त आमच्यानंतर पाच-सहा मिनिटांनी. डिसेंबरमध्ये उलट, मुंबईचा दिवस लहान आणि तिथला सूर्य आमच्याआधी दोन मिनिटे बुडतो. 'चार मिनिटे वजा करा' हे वाक्य वर्षाच्या एका भागात खरे होते. कोणीतरी ते एकदा लिहिले आणि मग ते दरवर्षी तसेच छापले गेले. डिसेंबरमध्ये दोन मिनिटे मिळवायची, तिथे चार वजा झाली. चूक सहा मिनिटांची, पण ती दादींच्या डोळ्यांनी पकडली.

इथे काही जण म्हणतील, म्हणूनच गणित सोडा, डोळ्यांनी पाहा. आम्हाला ते पटत नाही. ढगाळ जुलैत दादींनी काय पाहिले असते? गणित चुकले नव्हते, अर्धवट केले होते. आपल्या पूर्वसूरींनी गणिताला कधी परके मानले नाही. दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अश-शातिर नावाचे गणिती वेळ ठरवण्याच्या कामावर नेमलेले होते. त्यांना मुवक्कित म्हणत. १३७१ च्या सुमारास त्यांनी मशिदीच्या मिनारावर सावलीचे मोठे घड्याळ बसवले, ते नमाजच्या वेळा दाखवण्यासाठीच. त्यांच्याही तीनशे वर्षे आधी अल-बिरुनी यांनी सावल्यांवर आख्खा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी एक किस्सा दिला आहे. नमाजच्या वेळा काढण्याच्या एका यंत्रावर रूमी महिन्यांची नावे होती म्हणून एका धार्मिक गृहस्थाने ते यंत्र नाकारले. अल-बिरुनींचे म्हणणे असे की रूमी लोक जेवतात आणि चालतातही, मग तेही सोडून द्यावे. सूर्य कोणाच्या मालकीचा नाही, तेव्हा त्याचा हिशेबही कोणाच्या मालकीचा नाही.

तर हिशेब करावा आणि नीट करावा, एवढे नक्की. पण नीट हिशेब केला की एक अवघड प्रश्न समोर उभा राहतो. तो असा. फर्ज सर्वांना एकच आहे, सुब्हे सादिकपासून सूर्यास्तापर्यंत. पण सूर्य सर्वांना सारखे तास देत नाही. मग हा इन्साफ कसा?

आमच्याकडे हा प्रश्न फारसा टोचत नाही. सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश असताना सुब्हे सादिक धरली, तर रत्नागिरीत डिसेंबरचा रोजा साधारण १२ तास २४ मिनिटांचा आणि जूनचा साडेचौदा तासांचा. मक्काही साडेएकवीस अंशांवर म्हणजे आमच्या शेजारच्याच पट्ट्यात. पण आमच्याच कोकणातून पिढ्यांपूर्वी केपटाउनला गेलेली कुटुंबे आहेत, आज लंडनमध्ये नोकरी करणारे भाचे-पुतणे आहेत. केपटाउन दक्षिणेला चौतीस अंशांवर, श्रीनगर उत्तरेला चौतीस अंशांवर. २१ जूनला श्रीनगरात सूर्य साडेचौदा तासांच्या जवळपास आभाळात असतो, केपटाउनमध्ये दहा तासांहून थोडा कमी. लंडनमध्ये त्याच दिवशी १६ तास ३८ मिनिटे. तिथे जूनच्या रात्री सूर्य क्षितिजाखाली पंधरा अंशांपलीकडे जातच नाही. म्हणजे अठरा अंशांची सुब्हे सादिक शोधायची कुठे, हाच प्रश्न. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही.

हा प्रश्न आजचा नाही. ९२२ साली बगदादच्या खलिफाचा वकील म्हणून इब्न फदलान व्होल्गा नदीकाठच्या बल्गार लोकांकडे गेला. तो मुलूख साधारण पंचावन्न अंशांवर, तिथला सर्वांत मोठा दिवस सवासतरा तासांच्याही पुढे जातो. तिथे तो एका बगदादी शिंप्याबरोबर तंबूत गप्पा मारत इशाच्या बांगेची वाट पाहत बसला. बांग झाली, बाहेर येऊन पाहतो तर उजाडत होते. बांग फजरची होती. त्याने बांगीला विचारले, इशाचे काय? बांगी म्हणाला, ती आम्ही मगरिबबरोबरच पढतो. आणि पुढे त्याने सांगितले की फजर चुकेल या धास्तीने आपण महिनाभर रात्री झोपलेलो नाही. हजार वर्षांपूर्वीचा तो नाव नसलेला बांगी आम्हाला फार जवळचा वाटतो. त्याच्यापाशी ना तक्ता होता ना फतवा. फक्त जागरण होते.

उलेमांनी पुढे यावर विचार केला आणि तो करताना एका हदीसचा आधार घेतला. सहीह मुस्लिममधल्या त्या हदीसमध्ये दज्जालच्या काळात एक दिवस वर्षाएवढा लांब होईल असे येते. सहाबांनी विचारले, त्या दिवसात एकाच दिवसाच्या नमाज पुरतील का? हुजूर (स.) म्हणाले, नाही, त्याचा अंदाज करा. यावरून बहुतेक उलेमांनी असे ठरवले की जिथे चोवीस तासांत दिवस आणि रात्र वेगळे ओळखता येतात, तिथे तिथलाच सूर्य पाळावा, दिवस कितीही मोठा असो. जिथे ते ओळखता येत नाहीत, तिथे अंदाज करावा. कोणी जवळच्या शहरावरून करतो, कोणी मक्केवरून. ट्रॉम्सोतल्या काही मुस्लिमांनी मक्केच्या वेळा धरल्या, त्या याच आधाराने. म्हणजे जिथे सूर्य साथ सोडतो, तिथे माणसाच्या अंदाजावर भरवसा ठेवला गेला. ही लहान गोष्ट नाही.

पण सूर्य जिथे साथ सोडत नाही आणि तरीही तास वेगवेगळे पडतात, तिथले काय? यावर एक सुंदर उत्तर आहे. बरेच दिवस आम्ही ते वर्गात मोठ्या अभिमानाने देत असू. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. दरवर्षी रमजान दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे साडेतेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आम्ही रोजे सुरू केले डिसेंबरमध्ये. २०१६ ते २०१८ या वर्षांत रमजान मे-जूनमध्ये होता. २०२५ मध्ये तो मार्चच्या सुरुवातीला आला, २०३० साली जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये असा एकाच वर्षात दोनदा येईल. हिजरी १० मध्ये, शेवटच्या हजच्या वेळी, महिने मागेपुढे ढकलण्याची जुनी रीत बंद झाली. ती चालू ठेवून रमजान ऋतूला बांधून टाकला असता तर? समजा तो जूनमध्ये अडकला असता, तर श्रीनगरवाल्यांना कायम लांब रोजे आणि केपटाउनवाल्यांना कायम आखूड. आता मात्र साडेतेहतीस वर्षांत प्रत्येकाच्या वाट्याला सगळे दिवस येतात. आणि गणित असे सांगते की वर्षभराची सरासरी काढली तर पृथ्वीवर कुठेही दिवस बारा तास आणि वर काही मिनिटे एवढाच भरतो, रत्नागिरीत काय आणि लंडनमध्ये काय. चंद्राने सूर्याचा अन्याय धुऊन काढला, असे आम्ही म्हणत असू. मुले टाळ्या वाजवत.

या उत्तराला तडा गेला तो २०१७ च्या जूनमध्ये.

त्या वर्षी रमजान २८ मेला सुरू झाला. शाळा जूनच्या मध्यावर उघडली तेव्हा शेवटचा अशरा तोंडावर होता. नववीच्या वर्गात पहिल्याच दिवशी आम्ही विचारले, आतापर्यंत सगळे रोजे कोणी ठेवले? बहुतेक हात वर गेले. एक मुलगा मान खाली घालून बसला होता. उंचपुरा, वर्गातला सर्वांत धिप्पाड. किती सुटले, असे विचारल्यावर तो म्हणाला, "अकरा, सर." आम्ही म्हणालो, "मागच्या बाकावरची छोटी छोटी मुले ठेवतात आणि तुझ्यासारखा पहिलवान अकरा रोजे खातो?" वर्ग हसला. तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. हे सगळे आम्हाला दिसले, आणि दिसूनही आम्ही पुढे शिकवायला लागलो.

चार दिवसांनी त्याच्या मोहल्ल्यातल्या दुसऱ्या एका मुलाकडून कळले. सुट्टीभर तो बापाबरोबर चिऱ्याच्या खाणीवर होता. पाऊस लागला की खाण बंद होते, म्हणून मेच्या शेवटी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात होईल तेवढा चिरा काढून घ्यायचा असतो. ज्यांनी ती खाण पाहिली आहे त्यांना सांगायला नको. चहूबाजूंनी लाल कातळ, डोक्यावर ऊन, पायाखालून वर येणारी झळ, यंत्राची लाल धूळ नाकातोंडात, आणि सावली म्हणाल तर ट्रकखाली. पहिले दोन रोजे त्याने ठेवले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो खाणीत चक्कर येऊन पडला. बापाने त्याला पाणी पाजले आणि काम संपेपर्यंत रोजा ठेवू नको म्हणून शपथ घातली.

त्या वर्षी आम्ही सगळे रोजे ठेवले होते. पंख्याखाली. मेच्या सुट्टीत. जोहरनंतर झोपून.

आमच्या चंद्राच्या इन्साफाला इथे उत्तर नव्हते. साडेतेहतीस वर्षांची सरासरी त्या मुलाला काय उपयोगाची? गणितीची जुनी गोष्ट सर्वांना माहीत आहे. नदीच्या खोलीची सरासरी काढली, घरातल्यांच्या उंचीची सरासरी काढली, उंची जास्त भरली म्हणून सगळ्यांना पाण्यात घातले, आणि मुले बुडाली. हिशेब बरोबर होता. सरासरी ही पृथ्वीला लागू पडते, माणसाला नाही. माणूस एका वर्षी एका दिवसात एका जागी उभा असतो. कोणाच्या मजुरीची उमेदीची वर्षे नेमकी मे-जूनच्या रमजानात येतात, तर कोणाची निवृत्तीची वर्षे डिसेंबरच्या रमजानात. कोणी एक फेराही पुरा करत नाही. आम्हीच अजून केलेला नाही. आणि अक्षांश सारखा असला तरी एकच दिवस दोन माणसांना सारखा लागत नाही. घड्याळात त्या मुलाचा आणि आमचा रोजा साडेचौदा तासांचाच होता. दिवस किती लांब आहे हे अक्षांशावरून काढता येते, तो कोणाच्या पाठीवर किती जड आहे हे काढता येत नाही. आखातातल्या अनेक देशांनी उन्हाळ्यातल्या दुपारी उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा कायदा केला आहे. कायद्याला जे कळते ते आम्हा शिक्षकाला वर्गात कळू नये?

पुढचे ऐका. सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान होण्याच्या सुमारास आम्ही तोच धडा घेतला. फळ्यावर तीन आकडे लिहिले, तीस, बावीस आणि आठ. मुलांनी रत्नागिरीचा तक्ता स्वतः तयार केला. तो मुलगा गणितात बरा होता. त्याने वही पुढे करून विचारले, "सर, जूनचा रोजा साडेचौदा तासांचा. त्याची कजा मी डिसेंबरात ठेवली तर ती साडेबारा तासांचीही भरत नाही. एका रोज्यामागे दोन तास कमी पडतात. अकरा रोज्यांचे बावीस-तेवीस तास. ते कसे फेडायचे?"

वर्ग या वेळी हसला नाही. आम्हालाही उत्तर आले नाही. म्हणालो, विचारून सांगतो.

जुम्म्यानंतर आम्ही इमामसाहेबांना विचारले. ते हसले आणि म्हणाले, "मास्तर, कजा तासांनी नाही, दिवसांनी मोजतात. एका दिवसाच्या बदल्यात एक दिवस. कुठलाही." एवढेच. त्यांच्या दृष्टीने ती साधी मसला होती, लहान मुलांना शिकवायची. आम्हालाही ती माहीत होती, पण तिच्याकडे या बाजूने कधी पाहिले नव्हते. घरी येताना तीच डोक्यात घोळत राहिली.

सूरह बकराहमध्ये आजारी माणसाला आणि मुसाफिराला सूट आहे आणि सुटलेल्यांची संख्या इतर दिवसांत पुरी करायला सांगितले आहे. संख्या दिवसांची. ते दिवस तेवढेच लांब असावेत, तेवढेच गरम असावेत, अशी अट नाही. ज्याची मजुरी सुटत नाही आणि ज्याचा जीव खरोखरच टेकीला येतो, त्याच्याबद्दलही फुकहांनी हेच सांगितले आहे. नीयत करून सुरुवात करावी, सोसवेनासे झाले तर सोडावे आणि पुढे कजा करावी. म्हणजे जूनचा डोंगराएवढा दिवस डिसेंबरच्या टेकडीएवढ्या दिवसाने फिटतो, आणि वर बाकी काही उरत नाही. सावकाराच्या वहीत असे कधी झाले आहे का?

आम्ही इतकी वर्षे तास मोजून अल्लाहचा इन्साफ सिद्ध करायला निघालो होतो. तिथे तास मोजलेच जात नाहीत, हे आमच्या नववीच्या एका मुलाच्या प्रश्नाने दाखवले. चंद्राचे फिरणे, साडेतेहतीस वर्षांचा फेरा, बारा तासांची सरासरी, हे सगळे खरे आहे आणि सुंदरही आहे. दोन गोलार्धांमधला तो इन्साफ आहे. पण एका माणसापुरता इन्साफ तिथे संपत नाही, तिथून सुरू होतो. सगळ्यांना एकच माप दिले आहे आणि ते माप म्हणजे दिवस. दिवस ज्याला जसा मिळेल तसा. आणि ज्याला तो पेलत नाही त्याला दुसरा, हलका दिवस घेऊन येण्याची मुभा. समान माप आणि दयेची सवलत ही दोन एकत्र असतील तरच त्याला इन्साफ म्हणता येईल. नुसते समान माप म्हणजे घड्याळ.

यातून आमच्या मते एक जबाबदारीही येते. अंदाज दोन प्रकारचे आहेत. एक सूर्याचा. तो आता इतका पक्का झाला आहे की पुढच्या शंभर वर्षांचा सूर्यास्त आज मिनिटावर सांगता येतो. दादींसारखे ओसरीच्या कडेला उभे राहण्याची गरज उरली नाही, जरी आम्ही अजूनही कधी कधी उभे राहतो. दुसरा अंदाज माणसाच्या ताकदीचा. आपल्याला किती पेलते हा अंदाज ज्याचा त्याने अल्लाहला भिऊन करायचा आहे. त्यात आळस आला तर त्याचा जाब त्याला द्यायचा आहे. पण दुसऱ्याला किती पेलते, याचा अंदाज करायचे काम आम्हाला कोणी दिले आहे? आणि तरी आपण तोच सर्वांत जास्त करतो. रमजानमध्ये हॉटेलच्या पडद्याआड कोणाचे पाय दिसतात ते वाकून पाहतो. सुनेने आज रोजा का ठेवला नाही, शेजारच्या पोराने किती खाल्ले, याचे तक्ते आपल्याकडे तयार असतात. त्या तक्त्यांच्या तळाशी मिनिटे मिळवा-वजा करा अशी ओळसुद्धा नसते. १९९९ च्या तक्त्याची चूक अशी होती की एका जागेचा आणि एका ऋतूचा आकडा त्याने सगळ्यांना लावला. जूनमध्ये आम्ही वर्गात दुसरे काय केले? पंख्याखालचा आकडा खाणीला लावला.

डिसेंबर २०१७ मध्ये तो मुलगा मधल्या सुट्टीत डबा उघडत नाही हे आमच्या लक्षात आले. आठवड्यातून दोन-तीन दिवस तो व्हरांड्याच्या कठड्यावर बसून असे. आम्ही काही विचारले नाही. एका संध्याकाळी सहज वही काढून हिशेब केला. बारा तास चोवीस मिनिटे. खजूर पाठवावा असे वाटले, पण धीर झाला नाही. शेवटी एक दिवस व्हरांड्यात कोणी नसताना आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, जूनमध्ये आम्ही बोललो ते चुकले." तो गडबडून म्हणाला, "नाही सर, काही नाही." आणि निघून गेला.

ही गोष्ट इथे संपायला हवी होती, पण संपत नाही. अपमान आम्ही पंचेचाळीस मुलांसमोर केला होता आणि माफी मागितली कोणी नसताना. ती पंचेचाळीस मुले आज पांगली आहेत, कोणी पुण्यात, कोणी कतारमध्ये, तो मुलगाही जिल्ह्याबाहेर आहे. त्यांच्यातल्या कित्येकांच्या लेखी तो अजून अकरा रोजे खाणारा पहिलवानच असेल. रोज्याची कजा दिवसाच्या बदल्यात दिवस देऊन फिटते. वर्गासमोर बोललेल्या शब्दाची कजा व्हरांड्यात बोललेल्या शब्दाने फिटते का, हे आम्ही अद्याप इमामसाहेबांना विचारलेले नाही. उत्तर ठाऊक आहे म्हणूनच विचारले नसावे. तोवर निदान चार लोकांसमोर हे लिहून ठेवतो आहोत.